मांजर, मूल आणि घरातील वडील माणसे

घरात मूल रांगू लागले, की आजवर माजघराच्या उंबऱ्याशी निवांत पडून असणाऱ्या मांजराची झोप उडते. ते मांजर वयाने प्रौढ व स्वभावाने तिरसट असले, तर प्रकरण लवकरच ओरखड्यांवर येते. दोन-तीन वेळा मुलाच्या हातावर रक्त दिसले, की घरातील कोणी वडीलधारे निकाल देऊन मोकळे होतात : “पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या.” हा निकाल धर्माला धरून आहे काय, ह्याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

अपराध कोणाचा, हे आधी पाहू. दीड-दोन वर्षांच्या मुलास दुसऱ्याच्या शरीरालाही दुखते ही कल्पना नसते. त्याच्या लेखी शेपूट ही ओढून पाहण्याची वस्तू होय. उलटपक्षी, ओढणारा अजाण आहे हे मांजरास कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा दोघांपैकी कोणासही दोषी धरता येत नाही. कर्तव्याची जबाबदारी समजुतीबरोबर येते, आणि समजूत असलेला तिसरा पक्ष त्या वेळी बहुधा शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत असतो.

मांजर एकाएकी नखे काढते, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. आधी त्याची शेपटी जमिनीवर आपटू लागते, पाठीवरची कातडी थरथरते, कान मागे वळतात, आणि मग ते फिस्कारते. कुत्र्याने शेपूट हलविली म्हणजे तो खूष आहे, हे आपण लहानपणी शिकतो व तेच मांजरास लावतो. तेथेच घोटाळा होतो. मांजराची आपटणारी शेपटी म्हणजे ‘पुरे’ असा शब्दच समजावा. फिस्कारल्याबद्दल मांजरास चापट मारणे हा तर शुद्ध अविचार. अशाने ते सूचना देणे सोडते, राग मात्र राहतो, आणि पुढल्या खेपेस नखे आधी बाहेर येतात.

मर्कटन्याय व मार्जारन्याय आमच्या वाचकांस परिचित असतील. माकडाचे पिलू आईस स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिलू अंग सैल सोडते आणि आई मानेला धरून नेईल तिकडे जाते. रामानुज संप्रदायाच्या दोन शाखांतील शरणागतीविषयीचा मतभेद ह्याच दृष्टांतांनी सांगितला जातो. परंतु हा दृष्टांत पिलाचा आहे. चार किलो वजनाच्या मांजरास मुलाने मानेला धरून लोंबकळविले, तर त्यात शरणागती कसली? केवळ भय आणि वेदना.

“पण त्याचे मांजरावर किती प्रेम आहे!” असे आई कौतुकाने म्हणते. प्रेम असते, ह्यात शंका नाही. मात्र प्रेमाने आवळलेला गळाही आवळलेलाच असतो. आपल्याला आवडणाऱ्या जिवास आपण ह्या क्षणी नकोसे असू शकतो, हे मुलास प्रथम कोठेतरी शिकावे लागते. माणसे त्याचे मन मोडत नाहीत. आजी गुडघे दुखत असताही त्यास मांडीवर घेते. मांजर तेवढे स्पष्टपणे नाही म्हणते. हा धडा पुढे भावंडांत, शाळेत आणि संसारात किती उपयोगी पडतो, ते आम्ही काय सांगावे!

व्यवहारात फार काही करावे लागत नाही. मुलाचा हात पोहोचणार नाही अशी एक जागा, फडताळाचा माथा म्हणा किंवा खिडकीची रुंद कड, मांजराच्या मालकीची करावी. ते जेवत वा झोपत असता मुलास जवळ जाऊ देऊ नये. मुलास शेजारी बसवून, त्याचा हात आपल्या हातात धरून, उघड्या तळव्याने पाठीवरून दोन-तीनदा फिरवावा आणि थांबावे. पुन्हा जवळ यायचे की नाही, ते मांजराने ठरवावे. मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले व उघडले असता तेही तसाच प्रतिसाद देते, असे इंग्लंडमधील संशोधकांस २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मुलांस हा खेळ फार आवडतो. तान्ह्या बाळाजवळ मात्र मांजरास एकटे कधीही सोडू नये. मांजरास रेबीजची लस टोचलेली असावी, आणि ओरखडा वा चावा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. हळद दाबून स्वस्थ बसू नये.

तिरसटपणा हा नेहमी स्वभावच असतो असेही नाही. अमेरिकेत बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा नव्वदांत सांध्यांची झीज दिसली. हा अभ्यास २००२ सालचा. ज्याचे कंबरडे दुखते त्यास कोणी उचलले तर ते ओरडणारच. म्हणून निकालाआधी जनावरांच्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

आता ते पोते. बंगालात लेकुरवाळ्यांची देवता जी षष्ठी, तिचे वाहन मांजर आहे. आपल्याकडे सहाव्या दिवशी बाळासाठी जिची पूजा होते, तीच ही. तिच्या व्रतकथेत एक सून स्वतः चोरून खाते व आळ मांजरावर घालते. तेव्हा देवी तिची मुले नेते आणि चूक कबूल झाल्यावरच परत देते. आपल्या दुर्लक्षाचा आळ मुक्या प्राण्यावर घालणे किती जुने आहे, ते ह्यावरून दिसते. नदीपलीकडची जागा रिकामी नसते. तेथे दुसरी मांजरे व कुत्री आपापली हद्द राखून असतात, आणि घरात वाढलेले मांजर तेथे बहुधा उपाशी मरते. शिवाय पोत्याचे तोंड बांधताना मूल दारात उभे राहून पाहात असते. अडचण झालेल्या म्हाताऱ्या जिवाचे ह्या घरात काय करतात, ते त्यास कळते.

सर्व उपाय करूनही जमलेच नाही, असे क्वचित घडते. मुलाच्या डोळ्यास धोका असेल तर आम्हीही हट्ट धरणार नाही. मग लहान मूल नसलेले ओळखीचे घर शोधावे, स्वतः जाऊन मांजर पोहोचवावे आणि त्याची रोजची गोधडी न धुता बरोबर द्यावी. ओळखीचा वास जवळ असला म्हणजे पहिल्या काही रात्री त्यास सोप्या जातात.