एका नाण्याचा खेळ

प्रिय भाच्या,



दिवाळीत तू टीव्हीवर दाखवलास तो जुन्या गेमचा संच अजून डोक्यातून जात नाही. फायनल फाइट तू तासाभरात संपवलास, कंट्रोलर सोफ्यावर टाकलास आणि म्हणालास, "मामा, एवढ्यासाठी तू शाळा बुडवायचास?" घरात पाहुणे होते, तुझी आई फराळाच्या ताटल्या फिरवत होती, मला नीट काही सांगता आलं नाही. ते राहून गेलेलं उत्तर आता लिहितोय.

तू खेळलास तो गेम अस्सल आहे, याबद्दल शंका नको. कॅपकॉम या गेम कंपनीने २०१८ मध्ये हा संच काढला, तेव्हा व्हिडिओ गेम पार्लरच्या मशिनमधले सात मारामारीचे गेम त्यात घातले. १९८९ चा फायनल फाइट, १९९१ चे कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड आणि किंग ऑफ ड्रॅगन्स, १९९२ चा वॉरियर्स ऑफ फेट. शिवाय आर्मर्ड वॉरियर्स आणि बॅटल सर्किट, जे तोवर पार्लरमधून कुणाच्या घरी पोचलेच नव्हते. चित्रं तीच, गाणी तीच, गुंडही तेच. फक्त एक वस्तू त्या संचात घालता येण्यासारखी नव्हती, आणि ती नव्हती म्हणून तुला गेम पोकळ वाटला. ती म्हणजे खिशातला एकुलता एक रुपया.

सांगलीत एसटी स्टँडमागच्या एका बोळात आमचं पार्लर होतं. एक लांबट खोली, पाच मशिनं, खिडक्यांना काळा कागद. रुपयाला एक कॉइन, म्हणजे एक डाव. बससाठी मिळालेला रुपया मशिनमध्ये जायचा आणि मी घरी चालत यायचो. पुढचा नंबर आपला हे सांगायला काचेच्या कडेवर रुपया ठेवायचा, आणि मग मागे उभं राहून बघायचं. एक जण खेळायचा, आठ जण बघायचे. माझा बहुतेक वेळ त्या आठांत गेला आणि मी गेम तिथेच शिकलो. कुठला ड्रम फोडला की कोंबडी निघते, कुठला गुंड गुडघा मारत येतो, सगळं दुसऱ्याच्या रुपयावर पाठ झालं. आपला रुपया टाकायची वेळ यायची तेव्हा पहिली स्टेज डोळे मिटून खेळता यावी इतकी तयारी असायची.

आता तू जे केलंस ते आठव. दुसऱ्या स्टेजच्या शेवटी, भुयारी रेल्वेच्या स्टेशनातल्या त्या कुस्तीच्या रिंगणात, दोन तलवारींचा सोडम आला. तो सरळ अंगावर धावत येतो, आणि त्याच्या रेषेत उभं राहिलं की गेलोच. तू त्याच्या रेषेतच उभा राहिलास. मेलास, बटण दाबलंस, पुन्हा उभा राहिलास, पुन्हा मेलास. सात वेळा. आठव्यांदा सोडमच संपला. तू त्याला हरवलं नाहीस, तू त्याला दमवलंस. आमच्याकडे सात कॉइन म्हणजे महिन्याभराची बचत. म्हणून आम्ही त्याची चाल बघितली. तो कधी थांबतो, किती अंतरावरून सुटतो, वर-खाली सरकून बाजूने त्याला कसं गाठायचं, हे बोळात उभं राहून तासन्तास बोललो.

त्या गेमला दोनच बटणं, मारायचं आणि उडी मारायचं. दोन्ही एकदम दाबली की आपला माणूस गरकन फिरतो आणि भोवतीचे सगळे आडवे होतात. पण वार लागला की आपल्याही ताकदीच्या पट्टीतला एक तुकडा जातो. हे मला आजही फार अक्कलहुशारीचं वाटतं. चौघांनी घेरलंय, ताकद निम्मी उरलीय, पुढे बॉस आहे. आत्ता थोडं रक्त सांडून सुटका करून घ्यायची, की मार खात वाट काढायची? एका रुपयावर खेळणाऱ्याला हा निर्णय दर अर्ध्या मिनिटाला घ्यावा लागायचा. तू दोन्ही बटणं सतत दाबत होतास, कारण तुझी ताकद संपण्याला किंमतच नव्हती. गेम करणाऱ्यांनी जो विचार त्यात घालून ठेवलाय, तो तुझ्यासमोर उघडलाच नाही.

ती माणसंही साधी नव्हती. गेम आधी 'स्ट्रीट फायटर ८९' या नावाने येणार होता, मग नाव बदललं. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या जोडीने तो उभा केला आणि १९९१ मध्ये याच दोघांनी स्ट्रीट फायटर टू दिला. गेममधल्या तीन नायकांपैकी कोडीच्या हाती चाकू आला तर तो फेकून न देता हातात ठेवून भोसकतो, बाकीचे दोघे फेकूनच देतात. हॅगर शहराचा महापौर आहे, पूर्वीचा पैलवान, म्हणून तो माणसाला उचलून डोक्यावर आपटतो. तीन माणसांचे तीन स्वभाव नुसत्या हातापायांच्या हालचालींतून दाखवलेत.

हेही मान्य करतो की गेम पैसे खाण्यासाठीच बनवलेले होते. सगळे लाइफ गेले की काय दिसतं, आठवतं? आपला माणूस दोरीने बांधलेला, शेजारी डायनामाइट, वात जळत येते, तो फुंकून विझवायचा प्रयत्न करतो आणि पडद्यावर आकडे उलटे पळतात. त्या आठ-दहा सेकंदांत पोरं खिसे उलटे करायची, शेजारच्याकडे हात पसरायची. शिवाय मशिनच्या आत बारीक स्विच असतात, मालकाला वाटलं तर गेम अवघड करता येतो. आमच्या मालकाने ते केलं होतं असं आम्हाला वाटायचं. तरीही त्याच लोभातून गेम इतका नेटका झाला. माणूस चिडून निघून जाणार नाही आणि आरामात खेळत बसणारही नाही, अशा धारेवर तो ठेवावा लागायचा.

आता माझं खरं दुखणं सांगतो. तू संचातल्या गेमची यादी उघडलीस तेव्हा मी ती दोनदा वाचली. त्यात मुस्तफा नव्हता.

कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे त्या गेमचं नाव, पण ते आम्हाला माहीतही नव्हतं. ताकदीच्या पट्टीवर मुस्तफा लिहिलेला तो पिवळ्या टोपीचा माणूस सगळ्यांत चपळ, त्याची धावत मारलेली लाथ सगळ्यांत लांब जाणारी, म्हणून गेमचं नावच मुस्तफा पडलं. सांगलीत, मिरजेत, पुढे पुण्यात शिकायला गेलो तर तिथेही, "मुस्तफावर कोण आहे?" असंच विचारलं जायचं. तिघांना एकदम खेळता यायचं, खांद्याला खांदा लावून. मधल्या एका स्टेजला मोटार मिळायची आणि तिघंही आनंदाने ओरडायचो.

१९९३ चा हा गेमही कॅपकॉमचाच. पण तो मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवरून केलेला. पात्रं दुसऱ्याची, गेम कॅपकॉमचा; म्हणजे पुन्हा विकायचा तर नव्याने करार हवा. तो पार्लरचा गेम आजपर्यंत घरच्या कुठल्याही मशिनवर अधिकृतपणे आलेला नाही. त्यावर आणखी एक संकट होतं. नक्कल होऊ नये म्हणून त्या गेमच्या बोर्डावर बॅटरी बसवलेली असे. ती संपली की आतली गुप्त किल्ली पुसली जायची आणि धडधाकट बोर्ड मुका व्हायचा.

तरी तो जगला, कारण काही लोकांनी चिप वाचून त्यांच्या प्रती काढून ठेवल्या. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने मेम नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. जुन्या मशिनचं वागणं संगणकावर हुबेहूब उभं करणं हा त्याचा उद्देश. पुढे सायबर कॅफेत मुस्तफा पुन्हा भेटला तो त्याच्यामुळे. त्या प्रती कायद्यात बसत नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. पण मालकांनी कपाटात बंद केलेलं त्यांनी वाचवलं, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. संचात येतात ते मालकी हक्काच्या चाळणीतून खाली पडलेले गेम. लोकांनी कशावर जीव लावला होता, हे त्या यादीवरून कळत नाही.

आशा मात्र आहे. मार्व्हलच्या पात्रावरचा पनिशर हाही १९९३ चाच, पार्लरमधला तो गेमही असाच अडकून पडला होता. २०२४ मध्ये मार्व्हल आणि कॅपकॉमचा संच निघाला आणि त्यात तो आला. करार झाला की दार उघडतं. मुस्तफासाठीही ते कधीतरी उघडेल, आणि त्या दिवशी मी पहिल्या तासात विकत घेईन.

तोवर तू माझं एक ऐक. फायनल फाइट पुन्हा लाव, पण एकाच कॉइनवर खेळ. मेलास की उठ, मशिन बंद कर, दुसऱ्या दिवशी परत ये. पहिल्या दिवशी दहा मिनिटंही टिकणार नाहीस. आठवड्याने सोडमपर्यंत पोचशील आणि तेव्हा त्याच्याकडे नीट बघशील. शक्यतो एकटा बसू नकोस, धाकट्या बहिणीला शेजारी बसव, तिला बघू दे, बोलू दे, चुका काढू दे. आणि तुझ्या बाबांना विचार, त्यांच्या गावी कुठला गेम होता आणि पोरं त्याला काय म्हणायची. त्यांचं उत्तर एका वहीत लिहून ठेव, कारण ती नावं कुठल्याच कंपनीच्या यादीत सापडणार नाहीत.

मे महिन्यात मी आठ दिवस येतोय. दुसरा कंट्रोलर चार्ज करून ठेव. हॅगर मी घेणार, आणि दोघांना मिळून एकच कॉइन.

तुझा,
मामा