पाणी कोणाच्या खसऱ्यात?

आमचे एक अर्थतज्ज्ञ स्नेही आहेत. राहतात पुण्यात, व्याख्यानांना जातात सगळीकडे. त्यांचा एक लाडका सिद्धान्त असा की, गावाकडची हिरवी जमीन वाचवा म्हणून ओरडणारा माणूस हमखास स्वतःचं घर बांधून मोकळा झालेला असतो. त्याला राखायचा असतो आपल्या गच्चीवरून दिसणारा देखावा. उरलेल्यांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढले तरी त्याचं काही जात नाही. तेव्हा रहिवाशांच्या हरकती नि सूचना मागवण्याचं सोंग एकदाचं बंद करावं, जमीन मोकळी सोडावी, घरं आपोआप स्वस्त होतील. पुण्याच्या टेकड्यांवरच्या बांधकामबंदीचा फेरविचार करायला सरकारनं रमानाथ झा समिती नेमली, तेव्हापासून तर ह्या सिद्धान्ताला भरती आली आहे. नागपूरच्या एका चर्चासत्रात मी कटंगीचा म्हटल्यावर ते हसून म्हणाले, तुमच्याकडे तर हा प्रश्नच नाही. जमीन भरपूर आणि मत कोणालाच नाही.

हा लेख त्या हसण्याला उत्तर आहे. वैचारिक लेखाला इतकं क्षुद्र निमित्त पुरतं का, असं कोणी विचारलं तर पुरतं. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच वैचारिक लेखांची निमित्तं ह्याहून क्षुद्र होती. लेखकांनी ती सांगितली नाहीत एवढंच.

आधी कटंगीबद्दल. कटंगी बालाघाट जिल्ह्यातली. बालाघाट जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून झाला आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आमची नाती तुमसर-गोंदियाला, बाजार नागपूरला आणि कागद भोपाळला. तिरोडीला मॅंगनीजची खाण, बावनथडीवर दोन राज्यांचं धरण, आणि मध्ये सगळा धान. 2021 मध्ये बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. ज्या बांध्यांत असा तांदूळ पिकतो, त्यांतल्याच गावालगतच्या बांध्यांवर चुन्याच्या रेघा ओढायलाही आम्ही थांबलो नाही. शेत एकरानं विकलं जातं आणि प्लॉट चौरस फुटानं. एका एकरात 43,560 चौरस फूट असतात. सगळा धंदा ह्या भागाकारात आहे.

धानाची बांधी कशी चालते हे आमच्या स्नेह्यांनी पाहिलेलं नसावं. बांधी म्हणजे धुऱ्यानं वेढलेला उथळ सपाट तुकडा. पावसाचं पाणी वरच्या बांधीत साठतं, धुऱ्यातल्या वाटेनं खालच्या बांधीत उतरतं, तिथून तिच्या खालच्या बांधीत, आणि असं उतरत उतरत नाल्याला किंवा तलावाला मिळतं. मालक वेगवेगळे, पाणी एकच. वाट किती उघडायची, कधी बंद करायची, रोवणीच्या दिवसांत आधी कोणाला पाणी द्यायचं, ह्याच्या रीती ठरलेल्या असतात आणि त्यांवरून भांडणंही ठरलेली असतात. आता मधल्याच एका बांधीचा मालक जमीन विकतो. डायव्हर्शन होतं, म्हणजे शेत कागदावर बिनशेती होतं, मुरमाच्या ट्रॉल्या पडतात, तुकडा दोन हात वर येतो. वरच्याचं पीक तुंबून पिवळं पडतं आणि खालच्याची बांधी कोरडी राहते. नव्या कॉलनीतल्या गुरुजींच्या बैठकीच्या खोलीत श्रावणात पाणी शिरतं, आणि ते नगर परिषदेला अर्ज लिहितात की नाली काढून द्या. नाली होतीच, गुरुजी. तुमच्या ओट्याखाली आहे.

इथे देखाव्याचा प्रश्न कुठे आला? वरच्या शेतकऱ्याला गच्चीही नाही.

स्नेह्यांच्या सिद्धान्ताला मराठी मुलखातलंच जुनं उत्तर वसईत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई संरक्षण समितीमागे उभे राहिले ते बंगलेवाले नव्हते. केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारे बागायतदार होते, आणि टँकरनं उपसल्या जाणाऱ्या विहिरींचं पाणी खारं होईल ही त्यांची भीती पुस्तकी नव्हती. गोव्यात 2006 चा प्रादेशिक आराखडा लोकांनी उठून काही महिन्यांत मागे घ्यायला लावला. पुढे 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम आलं. आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, ह्या नावाखाली एकेका अर्जावर एकेक हिरवा तुकडा वस्तीत जाऊ लागला. त्याचे नियम उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये रद्द केले. सगळ्या चुका एकाच दिशेच्या कशा निघाल्या, हे कोडं मात्र कोणी सोडवलेलं नाही. पुण्याच्या टेकड्यांवरचं सुमारे 978 हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण 2015 मध्ये मंजूर झालं आणि दहा वर्षांत पुन्हा समितीपुढे आलं. पुण्याबद्दल पुणेकर पुरेसं लिहितात.

मला लिहायचं आहे पॅट्रिक गेडीस ह्या स्कॉटिश गृहस्थाबद्दल. मूळचा जीवशास्त्रज्ञ. डोळे अधू झाल्यानं सूक्ष्मदर्शक सुटला आणि माणूस शहरांकडे वळला. 1914 मध्ये हिंदुस्थानात आला, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आपले गोविंद सदाशिव घुर्ये त्याचेच विद्यार्थी. नगररचनेच्या पुस्तकांत त्याचं नाव आदरानं घेतात आणि पुढच्या पानावर त्याच्या नेमकं उलट वागतात. त्याचा आग्रह साधा होता: आधी रोगाचं निदान, मग औषध, आधी पाहणी, मग आराखडा. ही पाहणी म्हणजे टेबलावरचा नकाशा नव्हे. गल्लीगल्लीतून पायी हिंडायचं, कुठली विहीर कोण वापरतं, कुठल्या झाडाखाली कोण बसतं, पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. त्या काळी मलेरियाच्या धाकानं तलाव बुजवण्याचं खूळ इंजिनिअरांच्या डोक्यात शिरलं होतं. गेडीस सांगे, तलाव बुजवू नका, साफ करा, मासे सोडा, डास मासेच खातील. सरकारी इंजिनिअरांना तो आवडत नसे ह्यात नवल नाही.

इंदूरला होळकर दरबारानं त्याला बोलावलं, तेव्हा शहर प्लेगनं पोळलेलं होतं. लोकांना साहेबाचा संशय होता: हा घरं पाडायला आला. मग गेडीसनं जे केलं ते दिवाळी अंकात सांगायलाच हवं, कारण ते दिवाळीतच घडलं. त्यानं एका दिवसापुरतं महाराजपद मागून घेतलं आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक ह्या वर्षी नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या मोहल्ल्यातली घरं सर्वांत स्वच्छ, डागडुजी केलेली, तिथून ती जाईल. गावभर झाडझूड सुरू झाली, उकिरडे गाड्या भरभरून हलले. मिरवणुकीत पिकांनी लादलेल्या गाड्या होत्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हार घातलेले सफाई कामगार होते, प्लेगच्या उंदराचा अक्राळविक्राळ पुतळा होता आणि शेवटी तो जाळला. घरोघरी लावायला तुळशीची रोपं वाटली. त्यानंतर लोक साहेबाला घरात बोलावू लागले. दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये निघाला.

मला ही गोष्ट फार आवडते, आणि आमच्या स्नेह्यांना ती सांगितली तेव्हा त्यांनी तिच्यातली फट नेमकी धरली. म्हणाले, म्हणजे लोकांचं मत तयार करायला तुमच्या गेडीसला आधी राजा व्हावं लागलं.

हा टोला मला लागला, आणि त्यांचा दुसरा टोला तर टोलवताच येत नाही. हरकत घेण्याचा हक्क आज तिथे राहणाऱ्याला आहे. जो उद्या राहायला येणार, तो सभेला नसतोच. वसई-विरारच्या इमारतींत आलेली माणसं मुंबईच्या खुराड्यांतून आली. त्यांची सूचना कोणी मागवली नव्हती. कटंगीतही प्लॉट घेणारा कोणी उपरा धनदांडगा नाही. तो खेड्यावरचा शिक्षक असतो, तिरोडीच्या खाणीतला कामगार असतो, वाटणीत घराची एक खोली वाट्याला आलेला धाकटा भाऊ असतो. पोरांना शाळेजवळ न्यावं असं त्याला वाटलं तर त्यात हावरटपणा कुठला? आणि विकणारा शेतकरी? त्यालाच विचारा की जमीन हिरवी राहावी का. तो म्हणेल, तुम्ही पिकवा. वाटण्या होऊन दीड एकरावर आलेल्या माणसाला धानाची शोभा ऐकवणं हे कृत्य बंगल्याच्या गच्चीवरूनच जमतं. हिरव्या जमिनीच्या बाजूनं मत देणारे रहिवासी शोधत मी गावात फिरलो असतो, तर बहुतेक दहा वर्षांपूर्वीच्या बांधीवर बांधलेल्या घरांतच ते भेटले असते.

तेव्हा बांधावं की बांधू नये, ह्या प्रश्नावर रहिवाशांचं मत घेण्यात मला आता राम वाटत नाही. घरं हवीतच. पण ह्यातून स्नेह्यांचा निष्कर्षही निघत नाही. मालकानं माती विकली. त्या मातीवरून वाहणारं पाणी विकायचा अधिकार त्याला कोणी दिला? पोटखर्चापुरती रोवणी करणाऱ्या बायांची पायवाट, गुरांची वाट, तलावात उतरणारी धार, ह्या गोष्टी रजिस्ट्रीच्या कागदात नसतात, पण म्हणून त्या मालकाच्या होत नाहीत. रहिवाशाला मत विचारायचं ते ह्यावर: तुम्ही ह्या जमिनीचं काय वापरता? ह्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं कठीण असतं, कारण शेजारचा लगेच खोडून काढतो.

आणि हा प्रश्न विचारायची सोय कायद्यात आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 ची. तिच्या 234 व्या कलमात निस्तार पत्रक आहे. गावाच्या मोकळ्या सरकारी जमिनीचा वापर कसा व्हावा, ह्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करून, गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन तो पक्का करायचा. 242 व्या कलमात वाजिब-उल-अर्ज आहे. तो तर थेट खाजगी जमिनीत शिरतो: दुसऱ्याच्या शेतातून पाणी घेण्याची, वाटेची, मासे धरण्याची गावाची रीत काय, ते लिहून ठेवायचं. ते प्रसिद्ध झाल्यावर वर्षाच्या आत कोणी दिवाणी दावा लावला नाही तर नोंद पक्की. हे सगळं जुन्या मध्य प्रांताचं देणं. म्हणून महाराष्ट्राच्या 1966 च्या संहितेतही विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहेतच. गेडीसला इंदुरात जी पाहणी हत्तीघोडे मिरवून करावी लागली, ती आमच्या तहसिलीत बाडात बांधून ठेवायची व्यवस्था आहे.

उलट बाजूला काय आहे पाहा. 2018 च्या दुरुस्तीनंतर शेतजमीन बिनशेती करायला आमच्याकडे आधी परवानगी लागत नाही. विकास आराखड्याशी विसंगत नसलं की मालकानं स्वतःच आकारणी काढायची, पैसे भरायचे, एसडीएमला कळवायचं. कॉलनी पाडायला कॉलनायझरची नोंदणी आणि विकासाची परवानगी वेगळी लागते, पण ती न घेता पाडली तरी बिघडत नाही: 2021 मध्ये अनधिकृत वसाहती नियमित करण्याचा कायदा झाला आणि 2023 मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, ती सवलत 2022 च्या डिसेंबरपर्यंत उभ्या राहिलेल्या वसाहतींना लागू झाली. म्हणजे मालकाची इच्छा आधी विचारतात, कॉलनीतल्या मतदाराची नंतर, आणि खालच्या बांधीवाल्याची कधीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाचा तलाव बुजवून बांधलेली घरं नियमित करायला नकार दिला आणि सगळ्या राज्यांना गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितलं. त्या निकालाचा उल्लेख भाषणांत पुष्कळ होतो.

माझं म्हणणं एवढंच की, डायव्हर्शनची सूचना एसडीएमकडे जाते तेव्हा तिच्याबरोबर त्या खसऱ्याच्या, म्हणजे भूमापन क्रमांकाच्या, गावचा वाजिब-उल-अर्ज जोडलेला असावा. त्यात पाण्याची रीत लिहिलेली असेल, तर ती वाट प्लॉटिंगच्या नकाशात नालीच्या रूपानं, पूर्ण रुंदीची, सोडलेली दिसली पाहिजे. लिहिलेली नसेल, तर गावकऱ्यांना विचारून लिहून घ्यावी, मग प्लॉट पाडावेत. ह्यानं एकही घर अडत नाही. एखादा प्लॉट कमी होईल. कॉलनायझरला तो भागाकार बोचेल, बोचू दे.

स्नेही म्हणतील, असली बाडं धूळ खात पडली असतील, उर्दू-फारसी नावांचं हे जुनं लफडं कोण उघडणार. उघडायला नक्कलेचा अर्ज पुरतो. कटंगीत, बालाघाटात, आणि तिकडे भंडारा-गोंदिया-नागपुरातही, गावालगत प्लॉट घेणार असाल तर रजिस्ट्रीच्या आधी तहसिलीत जा आणि त्या गावचा वाजिब-उल-अर्ज मागा. विकणार असाल तरी मागा. नक्कल मिळाली नाही तर नाही मिळाली असं लेखी घ्या, आणि तो कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.