उजव्या अंगठ्याखालची पानं

शनिवारी संध्याकाळी वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो, की मी थोडा वेळ पुस्तकं बघतो आणि बराच वेळ माणसं. परवा कपाटासमोर कॉलेजातली एक मुलगी उभी होती. पुस्तक काढायची, नाव वाचायची आणि थेट शेवटचं पान उघडायची. शेवट वाचायला नव्हे, पानाचा आकडा बघायला. आकडा चारशेच्या पुढे गेला, की पुस्तक मुकाट्यानं परत जागेवर. शेजारी एक आजी होत्या. बाजारात कलिंगड पारखावं तसं त्या एकेक पुस्तक तळहातावर तोलून बघत होत्या. शेवटी त्यांनी सगळ्यांत जाड होतं ते उचललं. ‘‘बारीक नेलं तर मंगळवारीच संपतं हो. मग पुन्हा दोन जिने चढा!’’ माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. या दोघींच्याही जागी मी उभा राहिलेलो आहे.

लहानपणी आमच्या वर्गणीवर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. मे महिन्यातली दुपार तर संपता संपत नसे. त्यामुळे निवडीचा निकष सोपा होता : जे सगळ्यांत जाड, ते आपलं. तेव्हा वेळ बक्कळ होता आणि पुस्तकं मोजकी. आता उशाशी न वाचलेल्या पुस्तकांची चळत आहे आणि रात्री साडेदहालाच डोळे मिटायला लागतात. हल्ली पुस्तक हाती घेतलं, की माझाही अंगठा नकळत शेवटच्या पानाकडे वळतो. पुस्तकांची जाडी काही बदललेली नाही. त्या त्या वयात माझ्याकडे जे कमी होतं, ते मी पुस्तकात मोजत आलो.

पण पुस्तक नावावर लिहून घेताना केलेला हा हिशेब वाचायला बसल्यावर टिकत नाही.

१९६७ साली महाभारतावरची दोन पुस्तकं मराठीत आली. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. पहिल्यात एकटा कर्ण. पण त्याची कहाणी सांगायला सहा जण लागले : तो स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. पुस्तक विटेएवढं झालं. दुसऱ्यात भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण अशी सगळी मोठी माणसं. तरी ते शबनममध्ये सहज मावतं.

‘मृत्युंजय’ मी दहावीच्या सुट्टीत चार दिवसांत संपवली. जेवायला हाका मारून आई थकली. ‘युगान्त’ पुढं केव्हातरी हाती आलं. छोटंच आहे, रविवारी होऊन जाईल म्हणून घेतलं. पहिलाच, भीष्मांवरचा लेख वाचला आणि पुस्तक मिटून उठलो. पुढचा लेख वाचायला आठवडा गेला. ज्या माणसाच्या त्यागापुढे मी लहानपणापासून मान तुकवत आलो होतो, त्याच्या त्यागानं कोणाकोणाचं काय केलं, हे बाईंनी शांतपणे विचारलं होतं. त्याचं उत्तर शोधत मी दूध आणायला जात होतो, बसमध्ये बसत होतो. जाड पुस्तकाला चार दिवस लागले आणि बारीक पुस्तकाला दीड महिना.

दोन्ही पुस्तकांची लांबी आपापल्या जागी योग्यच होती. कर्णाची उपेक्षा एका वाक्यात सांगता येते, पण ती एका वाक्यात सोसता येत नाही. ती पानोपानी साचत जायला हवी, वाचकानं त्याच्याबरोबर वाढायला हवं. इरावतीबाईंना वाचकाला सोबत न्यायचं नव्हतं, थांबवायचं होतं. थांबवायला पानं कमी लागतात.

जाड पुस्तकं सगळीच अशी नसतात, हेही खरं. काहींत सूर्यास्तच चार वेळा होतो आणि दर वेळी आभाळाला तोच रंग चढतो. सोळा पानांचे दोन-तीन फॉर्मे कमी केले असते तर लेखकाचंही भलं झालं असतं, असं वाटत राहतं. आणि काही बारीक पुस्तकं आटोपशीर नसतात, अर्धकच्ची असतात. लांबीचा दोष पुस्तकाकडेही असू शकतो. पण बऱ्याचदा तो कुठंतरी मधे, पुस्तक आणि वाचक यांच्या जुळण्यात असतो.

हे मला नीट कळलं ते ज्ञानदेवांकडे बघून. गीतेचे श्लोक ७००. नेवाशाला श्रोत्यांपुढे त्यांचा अर्थ उलगडताना ज्ञानदेवांच्या ओव्या झाल्या सुमारे ९०००. एका श्लोकाला कधी कधी दृष्टान्तामागून दृष्टान्त. समोर बसलेल्या साध्यासुध्या माणसाला एक उपमा नाही कळली तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी. आईनं भरवताना घास लहान करावा, पण ताट अर्धं ठेवू नये, तसं. आणि याच ज्ञानदेवांकडे, कथा सांगते त्याप्रमाणे, चांगदेवांचं पत्र आलं, तेव्हा ते कोरं होतं. वयानं लहान, ज्ञानानं मोठा, मग मायना काय लिहायचा, हे त्या योग्याला ठरवता आलं नाही. त्या कोऱ्या कागदाला उत्तर गेलं ६५ ओव्यांचं. हात तोच, विषयही फार दूरचा नाही. समोरचा श्रोता तेवढा वेगळा होता. ज्याची पुष्कळ वाटचाल आधीच झाली आहे, त्याला बोट दाखवलं तरी पुरतं. ज्याला निघायचं आहे, त्याच्याबरोबर चालावं लागतं.

तेव्हापासून पुस्तक निवडताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो : आज मी यांतला कोणता श्रोता आहे? काही दिवस असे असतात, की कोणीतरी हात धरून लांबवर न्यावं असं वाटतं. काही दिवस एक नेमकं वाक्य पुरतं, त्याहून जास्त झेपत नाही. पानांचा आकडा हे सांगू शकत नाही.

आणि लांबीची भीती? तिच्यावर आमच्या आजीकडे उपाय होता. तिची पोथी माझ्या कुठल्याही कादंबरीपेक्षा जड होती. पण अजून किती राहिलं, हे बघताना मी तिला कधी पाहिलं नाही. सकाळी अंघोळ झाली की आजचा अध्याय. तो झाला की पोथी रुमालात. सप्ताह असेल तर सात दिवसांची वाटणी आधीच ठरलेली. शेवटचा अध्याय संपला, की काही दिवसांनी पुन्हा पहिला. तिच्या वाचनाला दिवस होते, पानं नव्हती. मी मात्र पुस्तक संपवायला बसतो, त्यामुळे सुरुवातीपासूनच ते माझ्या अंगावर येतं.

कागदी पुस्तकाची एक गंमत आहे. वाचता वाचता डाव्या अंगठ्याखालची पानं वाढतात आणि उजव्या अंगठ्याखालची झिजत जातात. कंटाळवाण्या पुस्तकात त्या झिजण्यानं धीर येतो. आवडत्या पुस्तकात त्याच झिजण्यानं जीव खालीवर होतो, आणि शेवटची वीस पानं आपण मुद्दाम उद्यावर ठेवतो. किंडलवर त्या जागी टक्के दिसतात, ऐकायच्या पुस्तकात तास आणि मिनिटं. पुस्तक आपल्याला आवडतंय की नाही, हे मनाला कळायच्या आत माझ्या उजव्या अंगठ्याला कळतं. म्हणून मला अजून कागदच बरा वाटतो.

त्या शनिवारी मी बऱ्याच वर्षांनी एक जाड कादंबरी घेतली. ‘‘पंधरा दिवसांत होईल का?’’ टेबलापलीकडच्या ताईंना मी विचारलं. ‘‘नाही झाली तर पुन्हा नावावर टाकते की,’’ त्या म्हणाल्या. किती सोपं होतं!

जिन्यात ती मघाची मुलगी भेटली. तिच्या हातात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ होती. १९३९ साली आलेली छोटीशी कादंबरी. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेलं एक जहाज, आणि त्यावरची काही दिवसांची गोष्ट. मनासारखं बारीक पुस्तक मिळाल्यामुळे ती खूश दिसत होती.

‘‘काका, ही दोन दिवसांत होईल ना?’’

‘‘वाचून होईल,’’ मी म्हणालो.