दाम आणि मान

भरपूर पगार मिळणाऱ्या माणसावर अन्याय होऊ शकतो काय? हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. घरातील मुलाला मनाजोगत्या पगाराची नोकरी लागली की त्याच्या बाकीच्या तक्रारी आपल्याला लाडावलेपणाच्या वाटू लागतात. 'एवढे मिळते आहे ना, मग कुरकुर कशाला?' असे आपणच त्याला ऐकवितो. अमेरिकेतील एका बेसबॉलपटूला १९७० साली अनेकांनी नेमके हेच ऐकविले. त्याने दिलेले उत्तर आपण सर्वांनीच मनाशी तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

त्याचे नाव कर्ट फ्लड. १९३८ साली ह्युस्टन येथे जन्मलेला आणि कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात वाढलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू. सेंट लुईस कार्डिनल्स या संघातून तो बारा हंगाम खेळला. बेसबॉल आपल्या फारशा परिचयाचा नाही; परंतु मैदानाच्या मध्यावर, दूर सीमेकडे उंच उडालेले चेंडू धावत जाऊन झेलणे हे त्याचे काम होते, एवढे सांगितले तरी क्रिकेट पाहणाऱ्यांना कल्पना यावी. या कामात त्याचा हात धरणारे फार थोडे होते. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' सन्मान त्याने १९६३ ते १९६९ अशी ओळीने सात वर्षे मिळविला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात क्षेत्ररक्षणात त्याच्या नावावर एकही चूक नोंदली गेली नाही. १९६४ आणि १९६७ साली त्याच्या संघाने विश्वमालिका जिंकली. वर्षाकाठी त्याला नव्वद हजार डॉलर्स मिळत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाच्या कचेरीतून त्याला फोन आला. त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकण्यात आले होते. कोणी त्याला विचारले नव्हते, आणि विचारण्याची गरजही नव्हती. खेळाडूंच्या करारात एक 'राखीव कलम' असे. करार एका वर्षाचा. पण मुदत संपताच तो आणखी एका वर्षासाठी वाढविण्याचा हक्क संघाचा, आणि वाढविलेल्या करारातही तेच कलम कायम, असा संघमालकांचा अर्थ होता. कोवळ्या वयात एकदा सही केली की खेळाडू जन्मभराचा बांधला जाई. सोडीन म्हटले तर दुसरा कोणताही संघ त्याला दारात उभे करीत नसे. सांगतील तेथे जाणे किंवा खेळ कायमचा सोडणे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरत.

फ्लडने तिसरा मार्ग धरला. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. आपली इच्छा न विचारता खरेदी-विक्री करावी अशी आपण मालमत्ता नाही, हा त्या पत्राचा आशय. मागणी मान्य झाली नाही, तेव्हा तो न्यायालयात गेला. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याला नव्वद हजारांची आठवण करून देण्यात आली, तेव्हा चांगला पगार मिळणारा गुलामही शेवटी गुलामच, असे तो म्हणाला.

हे शब्द अनेकांना बोचले, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. साखळदंडात जन्म काढलेल्यांच्या यातनांशी या सुखवस्तू खेळाडूची तुलना कशी व्हावी? शिवाय हे कलम उठविले तर श्रीमंत संघ सारे उत्तम खेळाडू पळवतील आणि खेळच बुडेल, अशी भीती मालक घालीत. तुलनेत अतिशयोक्ती होती, हे आम्हीही मान्य करतो. पण यातना किती, हा एक प्रश्न. आणि माणसाला वस्तू मानले की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पैशाने काही अंशी देता येते, दुसऱ्याचे मुळीच नाही. घोड्याला चारा उत्तम घातला म्हणून बाजारात त्याचे मत कोणी विचारीत नाही. दाम कामाचा असतो, माणसाचा नसतो.

न्यायाची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागली. खेळाडू संघटनेचे मार्विन मिलर यांनी त्याला आधीच सावध केले होते: जिंकण्याची आशा थोडी आहे आणि खेळाडू म्हणून तुझे आयुष्य संपेल. इतर खेळाडूंचे यात भले होईल काय, एवढेच फ्लडने विचारले. होईल, असे उत्तर मिळताच तो पुढे निघाला. संघटनेने वकिलांचा खर्च उचलला. परंतु १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू साक्षीला उभे राहिले, तेव्हा प्रत्यक्ष मैदानात खेळणारा एकही साक्षीला आला नाही. त्या खेळाडूंना दोष देण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहावे. कचेरीत शेजारच्या टेबलावरील माणसावर अन्याय होतो, तेव्हा आपण मान खाली घालून फायली चाळीत नाही काय?

फ्लड हरला. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. १९७० चा हंगाम त्याने गमावला होताच. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून जेमतेम तेरा सामने खेळून तो देश सोडून गेला. पुढे दारूच्या व्यसनाशीही त्याला झगडावे लागले.

परंतु १९७३ च्या करारात असे ठरले की, दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीविना दुसरीकडे देता येणार नाही. हा नियम चार वर्षे आधी असता, तर फ्लडचा 'नाही' हा एकच शब्द पुरला असता! डिसेंबर १९७५ मध्ये एका लवादाने दोन खेळाडूंना राखीव कलमातून मोकळे केले आणि ती जुनी बेडी तुटली. २० जानेवारी १९९७ रोजी फ्लडचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने खेळाडूंच्या हक्कांसंबंधी कायदा केला, त्याला त्याचेच नाव दिले.

त्याच्या हरण्याला व्यर्थ म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या झाडाची फळे आपल्या ताटात पडणार नाहीत, ते लावणारा माणूस वेडा नसतो. प्रश्न आपला आहे: ती फळे खाताना आपल्याला त्याची आठवण राहते काय? आणि घरातला मुलगा पुन्हा कधी पगाराव्यतिरिक्त काही बोलू लागला, तर त्याला गप्प बसविण्याआधी आपण त्याचे ऐकून घेऊ काय?