पृथ्वी गुरू

श्रीकृष्णचक्रवर्तींनी उद्धवदेवांस निरूपण करताना यदुराजा व अवधूत यांचा संवाद सांगितला. भास्करभट्ट बोरीकरांनी तो ‘उद्धवगीते’त, म्हणजे साती ग्रंथांतील एकादशस्कंधात, मराठीत आणिला. अवधूत वयाने तरुण होता. त्याच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी. तिच्यापासून तो क्षमा शिकला.

येथे शंका संभवते : क्षमा म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे काय?

हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. त्या परिसरातील एखाद्या तरुण शेतकरीपुत्राचे उदाहरण घ्यावे. शेजाऱ्याने बांध कोरून दोन तास जमीन आपल्याकडे ओढली. मुलाच्या मनात येते, रात्री त्याच्या उभ्या पिकात गुरे सोडावीत. कोणी सांगेल, ‘राग गिळ.’ परंतु गिळलेला राग म्हणजे अडविलेले पाणी. येवा वाढत गेला की दरवाजे उघडावेच लागतात, आणि खालच्या गावांस धास्ती पडते. राग नुसता अडविल्याने क्षमा होत नाही.

त्याने पायाखालची काळी माती पाहावी. नांगराचा फाळ तिला चिरतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाऊस लागला की त्या मिटतात. कोरलेल्या बांधाच्या जागी पेरलेले बीही ती उगवून देते. दुसऱ्याच्या दोषाने ती आपला धर्म टाकीत नाही. अवधूताने तिच्यापासून घेतलेला बोध हाच.

म्हणून त्या मुलाने मोजणीचा अर्ज अवश्य करावा, हद्द कायम करून घ्यावी; गुरे मात्र सोडू नयेत. हद्द मागणे हा न्याय होय. पीक तुडविणे हा सूड होय, आणि त्या पिकाचा तर काहीच अपराध नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळेत हा विवेक स्पष्ट दिसतो. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या आश्रयास आला. हा पैजेचा ससा, न मिळाल्यास आमच्यातच सुऱ्या निघतील, असे शिकारी म्हणाले. स्वामींनी शरणागतास दिले नाही, आणि शिकाऱ्यांचा धिक्कारही केला नाही. रानात गवतपाण्यावर जगणाऱ्या जीवास का मारावे, एवढेच त्यांस समजाविले. ससा वाचला आणि शिकाऱ्यांची मनेही पालटली.

क्रोध हा विकार आहे. तो प्रथम ज्याच्या ठायी उपजतो त्यासच जाळतो. साधकाने आपला हक्क राखावा, परंतु दुसऱ्याच्या दोषापायी आपला आचार सोडू नये.

दंडवत प्रणाम.