तेराव्या अध्यायातली पोटदुखी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह आमच्या घरी गेली पंचवीस वर्षं होतो. नोकरीत असताना मी त्यासाठी रजा राखून ठेवायचो. पारायण कधी चुकवलं नाही, याचा थोडा अभिमानही होता. दोन वर्षांपूर्वी त्या अभिमानाला धक्का बसला. तो प्रसंग सांगतो आणि त्यातून पडलेला प्रश्न दत्तभक्तांपुढे ठेवतो. घरात गुरुचरित्राची पोथी असताना मुलाला मनाच्या डॉक्टरकडे न्यावं का? नेलं तर श्रद्धा उणी ठरते का?

नातू तेव्हा आठवीत होता. रोज शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखायचं. रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, समुपदेशकाकडे नेऊन बघू या का?" मी म्हणालो, "आपल्या घरात वेडं कोणी नाही. नाटकं आहेत ही. रोज अकरा माळा जप करू दे त्याला." मुलगा गप्प बसला. सूनबाईही.

बँकेत आमची एक पद्धत होती. एखादी रक्कम कोणत्या खात्याची ते कळलं नाही, तर ती सस्पेन्स खात्यात ठेवायची आणि शोध चालू ठेवायचा. दडपून भलत्याच खात्यात टाकायची नाही. पस्तीस वर्षं हे पाळलं. नातवाचं दुखणं मात्र एका मिनिटात 'नाटक' या खात्यात टाकून मी मोकळा झालो.

सप्ताहाचा दुसरा दिवस. मी वाचत होतो आणि तो दाराशी येऊन उभा राहिला. "आजोबा, मला सगळं नकोसं झालंय," एवढंच म्हणाला. पारायणात मध्ये बोलायचं नसतं. मी हात वर करून त्याला थांबवलं. तो निघून गेला.

पुढे तेरावा अध्याय आला. पोटशूळाने पिडलेला ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघालेला असतो. श्रीगुरू शिष्यांना त्याला लगेच घेऊन यायला सांगतात. असं का करतोस म्हणून विचारतात, त्याचं ऐकून घेतात. मग तुझ्या रोगावर औषध आहे, असा धीर देतात आणि सायंदेवाच्या घरी त्याला पोटभर जेवू घालतात.

इतकी वर्षं मी हा अध्याय चमत्कार म्हणून वाचला. त्या दिवशी त्यातला क्रम दिसला. आधी जवळ बोलावणं, मग विचारणं, मग ऐकणं, मग औषध. श्रीगुरूंनी माणूस पाठवून बोलावून घेतलं, आणि मी आपण होऊन दारात आलेल्याला परत धाडलं!

अध्याय पुरा केला, पोथीला नमस्कार केला आणि उठलो. त्या दिवशीचं वाचन अर्धं राहिलं. दोष लागला असेल तर तो माझ्या नावे.

तो गॅलरीत अंधारात बसला होता. मी शेजारी बसलो. "नकोसं म्हणजे काय रे?" बराच वेळ काहीच नाही. मग बोलला. वर्गात उभं राहून वाचताना तो अडखळायचा, मुलं नक्कल करायची. रात्र रात्र झोप नव्हती. उपदेश अगदी जिभेवर आला होता, तो गिळला.

त्याच आठवड्यात समुपदेशकांकडे गेलो. त्या म्हणाल्या, पोटदुखी खरीच आहे. मुलांच्या मनावरचा ताण पुष्कळदा पोटातून, डोकेदुखीतून बोलतो. जीव द्यावासा वाटतो का, हे मुलाला सरळ विचारायला भिऊ नये. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट मूल मोकळं होतं. मग त्यांनी आम्हा मोठ्यांनाही बसवलं. सूनबाई तिथे हमसून रडली. कित्येक महिने तीही झोपली नव्हती, आणि आम्ही तिला "तू जेवलीस का?" एवढंही विचारलं नव्हतं. मूल सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी सांभाळावं लागतं.

कुणी म्हणेल, मग पारायणाचा उपयोग काय? माझ्यापुरतं सांगतो. पोथीसमोर नसतो तर मी त्या दिवशी उठलोच नसतो. माझा हट्ट मोडण्याचं बळ महाराजांनी दिलं. उपचार मात्र ज्याने त्याचं शिक्षण घेतलंय त्यानेच करावेत. मधुमेहाची गोळी घेऊन आपण नैवेद्य दाखवतो, तेव्हा श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणत नाही. मग मनाच्या दुखण्यालाच का? खरं सांगू? आड येते ती लोकलाज. ती झाकायला आपण दत्तमहाराजांना पुढे करतो. हे मला बरं वाटत नाही.

ज्यांना कुठे जावं कळत नाही, त्यांनी 14416 हा क्रमांक लिहून ठेवावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. रात्रंदिवस, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.

नातू आता दहावीत आहे. पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. अजून एखाद्या सोमवारी पोट दुखतं. पण आता तो सांगतो, आणि घरात कुणी नाटक म्हणत नाही.

पारायणात महाराजांसाठी एक आसन रिकामं ठेवतात. ते कोणत्या रूपाने येतील, सांगता येत नाही म्हणतात. यंदा वाचताना दाराशी लेकरू आलं, तर मी पोथी थांबवणार आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!