नियम पाळले, पण मन कुठे आहे?



आजच्या शुभवर्तमानात येशूचे काही शिष्य हात न धुता जेवतात, म्हणून परूशी आणि शास्त्री तक्रार करतात (मार्क ७). प्रश्न स्वच्छतेचा नव्हता, वाडवडिलांच्या परंपरेचा होता. ओठावर देव आणि अंतःकरण भलतीकडे, ही यशया संदेष्ट्याची जुनी तक्रार येशू त्यांच्यापुढे ठेवतो.

मिस्सामध्ये वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यात ९ ते १३ ही वचने नाहीत. ती घरी अवश्य वाचा. आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलेली, असे मुलाने एकदा म्हटले की ती आईवडिलांसाठी खर्च करण्यातून तो मोकळा होई. नियम पाळला जाई, आईबाप मात्र वाऱ्यावर.

ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची, पण आपल्या गावांना अनोळखी नाही. धुऱ्यावरून दोन भावांचे बोलणे बंद होते. दोघेही उपवासकाळातले शुक्रवार कडक पाळतात, रविवारची मिस्सा चुकवत नाहीत, एकाच रांगेतून ख्रिस्तशरीर स्वीकारतात. म्हातारी आई महिनाभर याच्याकडे, महिनाभर त्याच्याकडे. तिच्या गोळ्या कोणी आणायच्या यावर वाद, सणाची वर्गणी मात्र दोघांचीही वेळेवर! हा आपला 'कुर्बान' नव्हे का?

मग नियम टाकून द्यायचे का? मुळीच नाही. ख्रिस्तसभेचे नियम नीट वाचले तर त्यांच्यातच माया दिसते. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास उपास करावा असा नियम आहे. पण वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना त्यातून सूट आहे (कलम ९१९). आजारी सासूला भरवून, स्वतः दोन घास खाऊन धावत मिस्साला आलेली सून नियम मोडत नाही. १९८३ च्या धर्मनियमसंहितेचे शेवटचे कलम, १७५२ वे, आत्म्यांचे तारण हाच ख्रिस्तसभेत सर्वोच्च नियम असल्याचे बजावते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी हे मुळापासून मांडले. त्यांच्या मते नव्या कराराचा नियम मुख्यतः कागदावर नसतो. तो म्हणजे आपल्या हृदयात काम करणारी पवित्र आत्म्याची कृपा. लिहिलेले नियम त्या कृपेच्या सेवेसाठी असतात. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. धुरा हवाच, पण तो पिकासाठी. नुसता धुरा राखून कोणाचे घर भरत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. त्या कॅथलिक नव्हत्या, पण त्यांचा अनुभव आपल्यालाही शिकवतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. संस्कृत पंडिता, शास्त्रांचा अभ्यास दांडगा, तरी ही उणीव त्यांना जाणवली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलींना आधार देणाऱ्या रमाबाई ख्रिस्ताला आपल्या हृदयात भेटलेल्या होत्या.

प्रियजनहो, आपल्यालाही धर्म मिळाला आहे. ख्रिस्त मिळाला आहे का? या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला हे विचारावे. वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर आधी त्याच्याशी समेट करा, असे प्रभू सांगतो (मत्तय ५). तेव्हा धुऱ्यापलीकडच्या भावाला एक हाक मारा. सोयाबीन निघण्याची वाट पाहू नका, आईच्या गोळ्या आजच आणा. मग पुढच्या रविवारी शांतीचे चिन्ह देताना हात आणि मन एकत्र पुढे येतील.

हे प्रभू येशू, आमचे नियम तुझ्या प्रेमाने भरून टाक. आमेन.

आपला धर्मगुरू